गाडी आतून साफ करताना मागे काही सोडू नका

गाडी आतून चकचकीत करणं सोपं आहे. डॅशबोर्डवर सिलिकॉनचं पॉलिश फासायचं, सुगंधी फवारा मारायचा, काचांवरून ओलं फडकं फिरवायचं. दाराशी उभं राहून डोकावणाऱ्याला गाडी नवीकोरी वाटते. मग चार दिवसांत त्याच डॅशबोर्डवर धुळीचा थर चिकटून बसतो, सीटवर साबणाचे पांढरट ओघळ उमटतात आणि दार उघडलं की कुबट भपकारा येतो. माझ्याकडे हे काम शिकायला येणाऱ्यांना मी एकाच कसोटीवर तपासते. मालकाचा मळ निघाला का, हे नंतर. आधी विचारते, तुझं काय काय आत राहिलं? पाणी, साबण, वास, तेलकट चमक, फडक्याचे तंतू. यांतलं काहीही गाडीत राहिलं तर काम कच्चं.

ही कसोटी डोक्यात बसली की पुढची बरीच पथ्यं सांगावी लागत नाहीत. पाणी कमी का वापरायचं, फवारा थेट का मारायचा नाही, वाळण्यासाठी वेळ का राखून ठेवायचा, सगळं त्यातूनच निघतं. जिथे मला स्वतःला जास्त वेळ लागतो तिथे मी लिहिलंयही जास्त. साधं प्लॅस्टिक पुसायला कुणाला फारसं शिकवावं लागत नाही.

आधी नाक, मग डोळे, हात सगळ्यांत शेवटी

गाडी आली की दारं बंद करून आत बसा आणि श्वास घ्या. नाकाला कुठल्याही वासाची सवय काही मिनिटांतच होते. पहिल्या श्वासाला जे कळतं ते तासभर आत राबल्यावर कळत नाही. कुबट वास म्हणजे कुठेतरी ओल आहे. आंबट वास म्हणजे बहुधा दूध किंवा उलटी. सिगारेटचा वास असेल तर छत आणि एसीच्या वाटा दोन्ही कामाला लावणार, हे धरून चाला.

मग इग्निशन चालू करून मीटरवरचे दिवे बघा. एअरबॅगचा दिवा आधीपासून लागलेला असेल तर मालकाला तिथल्या तिथे दाखवा आणि फोटो काढा. नंतर दाखवलात तर तो तुमच्याच खात्यावर जमा होतो. उसवलेली शिलाई, सिगारेटने पडलेलं भोक, डॅशबोर्डवरची चीर, सगळ्यांचे फोटो हवेत. डागांबद्दल मी तीन गोष्टी विचारते: काय सांडलं, कधी सांडलं, आणि घरी त्यावर काय लावून बघितलं. तिसऱ्या प्रश्नाला लोक जरा लाजतात, पण उत्तर काढून घ्याच. कुणी ब्लीच लावलं असेल तर समोर दिसतोय तो डागच नसतो. तिथला रंग उडालेला असतो, आणि उडालेला रंग कुठल्याही साबणाने परत येत नाही.

मालकाच्या वस्तू जागेप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत भरा आणि पिशवीवर जागा लिहा. सुटी नाणीसुद्धा. सीटखाली न बघता हात घालू नका. टॉर्च मारा, नायट्राइलचे हातमोजे घाला. ब्लेड, फुटकी काच, इंजेक्शनची सुई, काहीही असू शकतं. आणि आतले दिवे बंद करून टाका. दारं तासन्‌तास उघडी राहिली की बॅटरी उतरते, मग एवढी साफ केलेली गाडी धक्का मारून बाहेर काढावी लागते.

बाटलीला हात लावण्याआधी

नव्या माणसाच्या हाती मी सुरुवातीला बाटली देतच नाही. ब्रश आणि व्हॅक्यूम, बस्स. गाडीतला बहुतेक मळ कोरडा असतो: माती, वाळू, केस, त्वचेचा कोंडा, कागदाचे कपटे. कोरडा असतानाच तो सहज उचलला जातो. त्यावर पाणी पडलं की त्याचा चिखल होतो, आणि तो चिखल मग आपणच आपल्या हाताने कार्पेटमध्ये रगडतो.

वरून खाली उतरत या. मॅट बाहेर काढा. कंप्रेसर असेल तर एका हातात हवेची नळी आणि दुसऱ्या हातात व्हॅक्यूमचं तोंड धरा. खाचेतून उडालेली धूळ लगेच ओढून घ्यायची, नाहीतर ती फक्त जागा बदलते. एसीच्या जाळ्या, सीटच्या शिलाया, सीट आणि मधल्या कन्सोलमधली फट, दारांचे कप्पे, गिअरच्या बुडाशी असलेल्या चुण्या या सगळ्या ठिकाणी हवा मारा. डोळ्यांवर चष्मा हवा. स्क्रीनवर आणि स्पीकरच्या जाळीवर जवळून हवा मारू नका. कंप्रेसर नसला तरी अडत नाही. मऊ केसांचा ब्रश पुढे आणि व्हॅक्यूम त्याच्या मागोमाग, असं चालवलं की जवळपास तेच काम होतं, वेळ जास्त लागतो इतकंच.

सीट पूर्ण मागे सरकवून पुढचा भाग करा, पूर्ण पुढे सरकवून मागचा. सीटच्या रुळांवर काळं ग्रीस दिसेल. ते मळ समजून धुऊन काढू नका, सीट सरकावी म्हणून ते कारखान्यातच लावलेलं असतं. त्यात अडकलेले केस चिमट्याने ओढून काढा. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगच्या आणि सीटबेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेच्या वायरिंगचे असतात. ते ओढायचे नाहीत, त्यांच्यावर पाणी मारायचं नाही, व्हॅक्यूमची नळी आपटायची नाही. बॅटरीवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांत नारिंगी केबल म्हणजे उच्च दाबाची वीज, तिच्यापासून लांब राहा. काही हायब्रिड गाड्यांत मागच्या सीटजवळ एक जाळी असते, तिच्यातून बॅटरीला थंड हवा जाते. ती जाळी फक्त व्हॅक्यूमने साफ करा. तिथे पाणी जाता कामा नये.

वाळू हा वेगळाच छळ आहे. ती कार्पेटच्या मुळाशी बसते आणि घाईने पुढेमागे फिरवलेल्या व्हॅक्यूमला दाद देत नाही. ब्रशच्या पाठीने कार्पेटवर भराभर ठोकत राहा, त्या हादऱ्याने दाणे वर येतात. मग व्हॅक्यूमचं तोंड सावकाश, एकदा उभं आणि एकदा आडवं न्या. झालं असं वाटलं की तळहाताने थोपटून बघा. दाणे उडताना दिसले तर झालेलं नाही. प्राण्यांचे केस रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने ओढले की दोरीसारखे गोळा होतात. काही जण त्यासाठी खरखरीत दगड वापरतात. मला ते आवडत नाही, केसांबरोबर कार्पेटचे धागेही तुटतात.

रसायन, घासणं, उष्णता, वेळ

हर्बर्ट सिनर या जर्मन रसायन अभियंत्याने १९५९मध्ये सफाईचं एक वर्तुळ मांडलं. त्यात चार वाटे आहेत: रसायन, घासणं, तापमान आणि वेळ. एकाचा वाटा कमी केला की उरलेल्यांपैकी कुणाचा तरी वाढवावा लागतो. नवखा माणूस नेहमी घासण्याचा वाटा वाढवतो, कारण जोर स्वतःच्याच हातात असतो. पण गाडीच्या आत जास्तीत जास्त नुकसान घासण्यानेच होतं. चामड्याचा रंग जातो, कापडावर गोळे येतात, गुळगुळीत काळ्या प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात. तुम्ही वेळेचा वाटा वाढवा. द्रावण लावून दोनतीन मिनिटं थांबा. द्रावण मात्र सुकू देऊ नका, वाळलेलं रसायन हा एक नवा डाग असतो.

रोजच्या कामाला ऑल पर्पज क्लीनर, म्हणजे एपीसी, पुरतं. हे क्लीनर बहुतेक अल्कधर्मी असतात आणि पाणी घालून पातळ करायचे असतात. साधारण एका भागाला दहा भाग पाणी हे प्रमाण प्लॅस्टिकला आणि कापडाला चालतं. एकाला चार इतकं जहाल द्रावण मी फक्त उंबऱ्याला, पेडलना आणि रबरी मॅटना लावते. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण वेगळं असेल तर तेच खरं. मापाने मोजा, अंदाजपंचे ओतू नका, आणि पातळ केलेल्या बाटलीवर नाव आणि प्रमाण लिहून ठेवा. ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनियाचं काहीही मिसळलं तर विषारी वायू होतो, आणि तुम्ही बंद डब्यात बसून काम करताय हे विसरू नका. कुठलंही नवं रसायन आधी न दिसणाऱ्या जागी, सीटच्या खालच्या कडेला लावा आणि ती जागा वाळल्यावर बघा. ओल्या कापडावर रंग ठीकच दिसतो.

फडकी प्रत्येक भागाला तीन. पहिलं द्रावणाचं, ते मळ उचलतं. दुसरं साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं, ते साबण उचलतं. तिसरं कोरडं. दुसरं फडकं बहुतेक जण गाळतात, आणि मग महिन्याभरात डॅशबोर्ड चिकट का झाला म्हणून विचारतात. साबणाचा उरलेला थर धूळ धरून ठेवतो, दुसरं काय! मायक्रोफायबरचं फडकं दोनदा घडी घातलं की दोन्ही बाजू मिळून आठ पृष्ठं मिळतात. एक मळलं की दुसरं उलटा. आतल्या कामाला ३०० जीएसएमच्या (म्हणजे दर चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाच्या) आसपासचं फडकं सोयीचं पडतं. त्याहून जाड घेतलं तर खाचेत जात नाही. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं बाद. त्यात अडकलेला वाळूचा एक कणही स्क्रीनवर रेघ ओढायला पुरतो.

फवारा नेहमी फडक्यावर किंवा ब्रशवर मारायचा, गाडीवर नाही. बटणांच्या फटीतून आत गेलेलं द्रावण पुसायला आपल्याकडे बोट नसतं.

छतापासून चामड्यापर्यंत

छताचं कापड पातळ फोमवर आणि तो फोम एका फळीवर डिंकाने चिकटवलेला असतो. जास्त ओल किंवा वाफ लागली की डिंक सुटतो आणि कापड डोक्यावर लोंबायला लागतं. ते पुन्हा बसवायचं म्हणजे बहुतेकदा अख्खं छत उतरवावं लागतं. त्यामुळे छतावर ब्रश नाही, वाफ नाही, एक्स्ट्रॅक्टर (पाणी फवारून परत ओढणारं मशीन) नाही. किंचित ओलसर फडकं, हलका हात, एकाच दिशेने, आणि डागापुरतं न थांबता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. सिगारेटने पिवळं पडलेलं छत दोन बैठकींत करा, मधे पूर्ण वाळू द्या. एका बैठकीत निपटायला गेलात तर पाणी जास्त पडणारच.

स्क्रीन बंद करून, गार झाल्यावर, डिस्टिल्ड पाण्याने जेमतेम ओलसर केलेल्या फडक्याने पुसा. अमोनिया किंवा तीव्र अल्कोहोल असलेला काचेचा स्प्रे तिथे नको, चकाकी रोखणारा लेप त्याने खराब होऊ शकतो. मीटरवरचं पारदर्शक प्लॅस्टिक त्याहून नाजूक असतं. तिथे आधी मऊ ब्रशने धूळ उडवा, मगच फडकं लावा. बटणांभोवतीची काळी रेघ हातांच्या तेलाची असते. ब्रशच्या टोकावर द्रावण घ्या, फिरवा, लगेच कोरड्या फडक्याने टिपा.

स्टेअरिंग सगळ्यांत मळकट असतं आणि सगळ्यांत कमी वेळ मिळवतं. वर्षानुवर्षांचा घाम आणि हाताचं तेल बसून ते गुळगुळीत, चकाकणारं होतं, आणि लोकांना वाटतं चामडं झिजलं. मऊ ब्रश आणि फेसाने दोनतीन फेऱ्या केल्या की पुष्कळदा खालून मूळचा मंद, कोरडा पोत निघतो. स्टेअरिंगवर, पेडलवर आणि सीटवर पॉलिश कधीही लावायचं नाही. ब्रेकवरून सरकलेल्या पायाला दुसरी संधी मिळेलच असं नाही.

चामड्याबद्दल गैरसमज फार आहेत. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत चामड्यावर रंगाचा आणि त्यावर पॉलियुरेथेनचा संरक्षक थर असतो. आपण जे साफ करतो तो हा थर. म्हणून तेलं चोळून ‘चामड्याला पोषण’ देण्याचा फारसा उपयोग नसतो, तेल वरच राहतं आणि धूळ धरतं. चामड्यासाठीचं सौम्य क्लीनर ब्रशवर फेसाळून घ्या, हातभर भाग करा, पुसा, मग पुढचा. भोकं असलेल्या चामड्यावर फेसही कमीच, नाहीतर तो भोकांतून आत उतरून वाळतो आणि पांढरे ठिपके उरतात. फडक्यावर सीटच्याच रंगाची छटा दिसली की हात थांबवा. मळ संपून आता रंग निघायला लागलाय.

अल्कांतारा दिसायला मऊ चामड्यासारखं असलं तरी ते पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनचं कृत्रिम कापड आहे. तोरे या जपानी कंपनीच्या मियोशी ओकामोतो यांनी ते १९७०मध्ये विकसित केलं. त्याला चामड्याचं काहीही लावू नका. ओलसर फडकं, मग वाळल्यावर मऊ ब्रशने लव उभी करायची.

कापडी सीट

हौशी काम आणि धंद्यातलं काम इथे वेगळं पडतं. सीटच्या कापडाखाली जाड फोम असतो. वरून घातलेलं पाणी मळ घेऊन फोममध्ये उतरतं. वाळताना ते परत वर येतं, कापडातून उडून जातं आणि मळ कापडावर ठेवून जातं. म्हणून संध्याकाळी स्वच्छ दिसलेल्या सीटवर सकाळी तपकिरी कडेचं वर्तुळ उगवतं. यावर उपाय एवढाच की पाणी कमी घालायचं आणि घातलेलं सगळं परत ओढून घ्यायचं.

त्यासाठी एक्स्ट्रॅक्टर असतो; तो पाणी फवारतो आणि त्याच तोंडाने ओढून घेतो. आधी सीटवर द्रावणाचा हलका हात द्या, मऊ ब्रशने फिरवा, थोडं थांबा. मग मशीन. पाण्याचा खटका दाबून एक ओढ घ्या, खटका सोडून त्याच पट्ट्यावर दोन कोरड्या ओढी. हात सावकाश चालवा. घाईची ओढ वरचं पाणी घेते, फोममधलं तिथेच राहतं. पारदर्शक तोंडातून जाणारं पाणी बघत राहा. गढूळ येतंय तोवर चालू ठेवा, आणि शेवटची फेरी साबणाशिवाय, नुसत्या पाण्याने. झाल्यावर तळहात दाबून बघा. गारवा लागला तर ठीक, ओल लागली तर अजून कोरड्या ओढी. काम नेहमी शिलाईपासून शिलाईपर्यंत करा. नुसता डाग काढलात तर मळक्या सीटवर स्वच्छ गोल उरतो, तोही डागच दिसतो.

मशीन नसेल तर फेसावर काम करा. वाटीत द्रावण ब्रशने फेसाळा, फक्त फेस सीटवर घ्या, फिरवा आणि मळ बसायच्या आत फडक्याने उचला. पाणी ओढणारा व्हॅक्यूम मिळाला तर उत्तम. बादलीतून मगाने पाणी ओतणाऱ्याला मी गाडीजवळ उभं करत नाही. पुष्कळ गाड्यांत पुढच्या प्रवाशाच्या सीटमध्ये कुणी बसलंय की नाही हे ओळखणारा सेन्सर असतो, काहींत सीट गरम करणाऱ्या तारा असतात. सीट निथळेपर्यंत भिजवलीत तर एअरबॅगचा दिवा लागू शकतो, आणि सुरुवातीला तो लागलेला नव्हता, म्हणजे तो तुमच्याच खात्यावर जमा होतो.

वाळवणं हे कामाचाच भाग आहे, उरलेल्या वेळात उरकायचं काम नाही. दारं उघडी, पंख्याचा झोत सीटवर आडवा. हवा दमट असेल तर काचा बंद करून एसी आणि हीटर एकत्र चालवा, एसी हवेतली ओल काढून घेतो. मात्र इंजिन चालू ठेवायचं असेल तर गाडी उघड्यावर हवी, बंद शेडमध्ये नाही. ओलं कापड आणि फोम तसाच राहिला तर एकदोन दिवसांत बुरशी धरायला लागते. खाली कार्पेट दाबल्यावर पाणी वर येत असेल तर त्याखालचा नमदा भिजलाय. तिथे वरून पंखा लावून भागत नाही, कार्पेट उचलूनच वाळवावं लागतं. त्याखाली कधीकधी इलेक्ट्रॉनिक डबेही असतात.

सीटबेल्ट विसरला जातो. पूर्ण बाहेर ओढा, परत जाऊ नये म्हणून चिमटा लावा, सौम्य साबणाच्या पाण्याने लांबीच्या दिशेने पुसा आणि खडखडीत वाळल्यावरच आत सोडा. ब्लीच किंवा रंग लावल्याने पट्ट्याचे धागे कमकुवत होतात. लहान मुलांच्या सीटचे पट्टे त्या सीटच्या पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणेच धुवा. बहुतेक कंपन्या ते भिजवायला किंवा मशीनमध्ये टाकायला मनाई करतात.

डाग

डाग टिपायचा, रगडायचा नाही, आणि कडेकडून मध्याकडे यायचं. रक्त, दूध, अंडं यांना गार पाणी लावा. गरम पाण्याने आणि वाफेने त्यातली प्रथिनं गोठून धाग्याला धरतात. चहाकॉफीचा डाग साबणाने हटला नाही तर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून टिपा. तेलकट डागाला भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब, नंतर भरपूर टिपणं. च्युइंगगम बर्फाने कडक करून मोडून काढा. बॉलपेनची शाई कापडावरून आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघते, पण अल्कोहोल फडक्यावर घ्या आणि प्रत्येक टिपणीला फडक्याची नवी जागा, नाहीतर शाई पसरते. चामड्यावर तेच अल्कोहोल शाईबरोबर सीटचा रंगही काढू शकतं, तिथे मी मालकाला आधी विचारते.

काय सांडलं हे माहीतच नसेल तर क्रम ठेवा: गार पाणी, मग सौम्य साबण, मग बाकीचं. दोनदा करून फरक पडत नसेल तर थांबा. तिसऱ्यांदा लोक जिद्दीला पेटतात आणि भोक पाडतात.

वास

वास झाकायचा नसतो, त्याचं मूळ शोधायचं असतं. दूध सांडलेली गाडी बाहेरून कितीही पुसली तरी फोममध्ये गेलेलं दूध आंबत राहतं, म्हणून ते जितकं खोल गेलं तितकंच खोल औषध जायला हवं. इथे एन्झाइमचं क्लीनर कामाला येतं. ते दूध, उलटी, लघवी यांतले पदार्थ तोडतं, पण त्याला वेळ आणि ओल दोन्ही लागतात. लावून झाकून ठेवा, बाटलीवर दिलेला वेळ पूर्ण होऊ द्या, मगच ओढून काढा. आधी जहाल रसायन किंवा उकळतं पाणी लावलेलं असेल तर एन्झाइम निकामी होतात. सगळं करून भागलं नाही म्हणणाऱ्यांचं बहुतेकदा इथेच चुकलेलं असतं.

एसी सुरू करताच वास येत असेल तर सीट घासण्यात अर्थ नाही. आधी केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारा फिल्टर, बघा. पुष्कळ गाड्यांत तो ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो. तो काळा, ओला किंवा पानांनी भरलेला असेल तर बदला, धुऊ नका. त्यानंतर कूलिंग कॉइल. एसी चालताना तिच्यावर हवेतलं पाणी जमतं आणि एका नळीतून गाडीखाली गळतं. ती नळी तुंबली की कॉइल ओली राहते, तिच्यावर बुरशी वाढते आणि कधी पाणी प्रवाशाच्या पायाशी येतं. कॉइलसाठीचा फेस वापरा आणि मालकाला सांगा की उतरायच्या थोडं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा, म्हणजे कॉइल वाळते.

ओझोनच्या मशीनचं सध्या वेड आहे. ते वास कमी करतं, पण मूळ आत राहिलं तर वास परततो. ओझोन फुप्फुसांना घातक आहे आणि रबरालाही चिरा पाडतो. वापरलंच तर गाडीत कुणी नको, वेळ मोजकाच, आणि नंतर सगळी दारं बराच वेळ सताड उघडी. बुरशी धरलेल्या गाडीत काम करताना एन९५ मास्क घाला.

काचा आणि शेवटची पाहणी

आतल्या काचेवरची धुरकट झिलई बरीचशी प्लॅस्टिकमधून बाहेर पडणाऱ्या वाफांची असते. पाण्याने ती पसरते, जात नाही. अमोनिया नसलेलं काचेचं क्लीनर घ्या, कारण अमोनियाने काचेवर चिकटवलेली उन्हाची फिल्म खराब होते. एक फडकं ओलं, दुसरं कोरडं. काच दोन बोटं खाली घेऊन वरची कडा पुसा, तिथे मळाची रेघ हमखास असते. आतून उभ्या दिशेने पुसा आणि बाहेरून आडव्या. रेघ राहिलीच तर ती कुठल्या बाजूला आहे ते लगेच कळतं. मागच्या काचेवर मात्र आतून गरम करणाऱ्या तारांच्या दिशेनेच हात फिरवा, तारांना छेद देत घासलात तर तार तुटू शकते. काचा मी सगळ्यांत शेवटी करते, कारण तोवर त्यांच्यावर काही ना काही उडालेलंच असतं.

डॅशबोर्डला काही लावायचंच असेल तर पाण्यावर आधारलेलं, मंद दिसणारं, ऊन रोखणारं ड्रेसिंग फडक्यावर घेऊन पातळ लावा आणि जास्तीचं पुसून काढा. चकचकीत डॅशबोर्डचं प्रतिबिंब उन्हात पुढच्या काचेवर पडतं आणि चालवणाऱ्याला रस्ता धूसर दिसतो. मालक चमक मागतात हे खरं. मी त्यांना चालकाच्या जागी उन्हात बसवते, बहुतेक जण विचार बदलतात.

शेवटी चारी जागांवर बसून बघा, फक्त चालकाच्या नाही. मागे बसणाऱ्याला पुढच्या सीटची पाठ आणि दाराचं खालचं टोक दिसतं, ते आपल्याला उभं राहून दिसत नाही. टॉर्च तिरपी धरा, सरळ प्रकाशात ओघळ लपतात. दारांच्या कडा आणि बिजागऱ्या पुसा. मॅट खालच्या हुकांत नीट अडकवा, सरकलेली मॅट ॲक्सिलरेटरखाली अडकू शकते. सीट आणि आरसे होते तसे लावा. पिशव्या त्यांच्या जागी. मग दारं बंद करून, दहा मिनिटं बाहेर फिरून या आणि पुन्हा पहिल्यासारखा श्वास घ्या. या वेळी काहीच वास आला नाही पाहिजे, तुमच्या क्लीनरचासुद्धा.

सराव

गिऱ्हाइकाच्या गाडीवर शिकू नका. भंगारातून एक कापडी आणि एक चामड्याची सीट आणा. सीटच्या मधोमध चिकटपट्टी लावा, एकच अर्धा भाग करा आणि पट्टी काढून बघा. त्या रेघेवर तुमचं काम कसंय ते कुणाला विचारावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा, कारण वाळल्यावर जे वर येतं तेच खरं. सीटवर मुद्दाम कॉफी, तेल, शाई सांडा, काहींवर लगेच काम करा आणि काही आठवडाभर तसेच ठेवा. जुना डाग किती वेगळा वागतो हे वाचून कळत नाही.

फडकी रोज धुवा, सुती कपड्यांबरोबर नाही, नाहीतर त्यांचे तंतू मायक्रोफायबरला चिकटतात आणि उद्या काचेवर दिसतात. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याचा थर बसला की फडकं पाणी ओढेनासं होतं. कडक उष्णतेत वाळवू नका. काचेची, चामड्याची आणि पेडलची फडकी वेगळ्या रंगांची ठेवा, म्हणजे गडबडीत पेडलचं फडकं स्क्रीनवर जाणार नाही.